मेन स्विच खाली ओढला तो रविवार

१३ जुलै, रविवार. त्या दिवशीचं काम एकच, पण दिवसभराचं. सकाळी सातला घराचा मेन स्विच खाली ओढायचा आणि रात्रीची जेवणं होईपर्यंत वर करायचा नाही.

त्यासाठी मी रजा घेतली होती. लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीची देखरेख माझ्याकडे आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे रजा मागणं म्हणजे भुशी धरणाच्या पायऱ्यांवरचं पाणी जरा थांबवा म्हणण्यासारखं आहे. मॅनेजरनी विचारलं, "घरात लग्न आहे का?" मी म्हटलं, "नाही, लाईट घालवायची आहे." त्यांनी रजेवर सही केली.

लाईट घालवायची होती ती सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशी पद्धत आहे. आत्यांचं माहेर आंदर मावळातलं आणि सासर हे लोणावळ्याजवळचं कुसगाव. दोन्हीकडे त्या चुलीपुढे बसल्या, आणि गॅस आला तोवर धूर छातीत जाऊन बसलेला होता. गेल्या दिवाळीनंतर तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं थकली आहेत, आता रात्री झोपताना ऑक्सिजन मशीन लावायचं. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन काढतं. सिलिंडर आणायला नको, भरायला नको. फक्त रात्रभर वीज पाहिजे.

कुसगावात उन्हाळ्यात लाईट जाते आणि येते. पावसाळ्यात जाते. घाटावरून वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर पडते, आणि त्या पावसात वायरमन तरी खांबावर कसा चढणार? एकदा गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आलेली मी पाहिली आहे. कोपऱ्यात आम्ही एक सिलिंडर ठेवलेला होता, पण तो अडीअडचणीपुरता. त्याच्यावर रात्र निघत नाही.

माझे थोरले दीर हिंजवडीजवळच्या सोसायटीत राहतात, चौदाव्या मजल्यावर. तिथे लाईट गेलेली कळतसुद्धा नाही, इतक्या पटकन जनरेटर चालू होतो. ते म्हणाले, पावसाळ्याचे चार महिने आईला आमच्याकडे पाठवा. यात चुकीचं काही नव्हतं. मला तर आतून बरंच वाटलं होतं. दिवसभर ओल्या चादरींशी झगडून घरी यायचं आणि रात्री मशीनच्या आवाजाकडे एक कान ठेवून झोपायचं, याला काही महिने सुट्टी मिळाली असती.

आत्या म्हणाल्या, "मी न्हाई जायाची."

"आई, तिथे सगळी सोय आहे," दीर म्हणाले.

"व्हय, हाये की. खिडकीतनं बघितलं की ढग खाली दिसत्यात. माणूस मेल्यावर जातंय तितं. मी आदीच कशाला जाऊ?"

"लिफ्ट आहे, आई."

"तीच म्हणते मी. वर न्यायला गाडी तयारच हाये."

दीर हसले, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू प्रॅक्टिकल आहेस म्हणून तुला सांगतो. एका रात्री मशीन बंद पडलं आणि तुम्हाला जाग आली नाही तर?" मग दीर, नवरा आणि मी, आमचं तिघांचं असं ठरलं: बाहेरची लाईट नसताना घरच्या विजेवर मशीन एका रात्रीइतका वेळ चाललं, तर आत्या कुसगावातच राहतील. नाही चाललं, तर त्याच दिवशी पुण्याला. आत्यांनीही मान हलवली. त्यांना वाटलं असणार, सून काहीतरी करेलच. घरात सगळ्यांना तसंच वाटतं, आणि त्यानेच मी दमते.

मार्चपासून मी सोलारवाल्यांना बोलवायला लागले. एकदा चौकशी केली की फोन थांबत नाहीत. चादरी मोजताना फोन, भाजी घेताना फोन. पहिला आला तो पुण्याहून. बूट बाहेर न काढता थेट गच्चीवर गेला, खाली आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं बिल शून्य."

मी विचारलं, "लाईट गेली तर मशीन चालेल का?"

"लाईट गेली की पॅनलही बंद होतात, मॅडम. तसा नियमच आहे. तुमची वीज तारेत गेली तर खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल."

नियम बरोबर होता. पण मला हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि आमच्या आळीत अजूनही अर्ध्या लोकांना माहीत नाही. छतावर पॅनल म्हणजे लाईटीची कटकट संपली, असंच सगळे धरून चालतात.

"म्हणजे भर उन्हात, डोक्यावर पॅनल असताना, आम्ही अंधारात बसायचं?"

"पण लाईट जातेच कशाला, मॅडम?" तो म्हणाला. त्याला मी चहा दिला आणि पाठवून दिलं.

दुसरा गावातलाच, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा. त्याचं म्हणणं, वीज कंपनीचं नावच काढायचं नाही. मोठ्या बॅटऱ्या ओळीने मांडायच्या, त्यांना पाणी घालत राहायचं, की आपण आपले राजे. मी त्याला आमच्याकडचा जुलै आठवतो का विचारलं. तीन-तीन दिवस समोरचा डोंगर दिसत नाही, तिथे या बॅटऱ्या भरणार कशाने? तो म्हणाला, "वैनी, तेवढ्यापुरता जनरेटर ठेवा." जनरेटरच ठेवायचा तर तुझ्या बॅटऱ्या कशाला, हे मी बोलले नाही. त्याच्या बायकोशी माझं रोजचं येणंजाणं आहे.

तिसरा तळेगावचा, कमी बोलणारा. त्याने दोन्हींच्या मधलं सांगितलं. पॅनल वीज कंपनीच्या तारेलाही जोडायचे आणि घरात एक लिथियम बॅटरीही ठेवायची. ऊन असेल तेव्हा आधी बॅटरी भरेल, उरलेली वीज कंपनीकडे जाईल आणि आपल्या नावावर जमा राहील. पाऊस असेल तेव्हा बॅटरी कंपनीच्या विजेवर भरून घ्यायची, आणि तीही दिवसा, कारण नव्या मीटरला दिवसाची वीज थोडी स्वस्त पडते. लाईट गेली की घराच्या ठरावीक लाईन आपोआप बॅटरीवर जातात.

जमा राहण्याची गोष्ट आत्यांना लगेच समजली. उन्हाळ्यात साठवायचं आणि पावसाळ्यात वापरायचं, हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात सरपणाची फाटी, कांदे, सुकट, तिखट, सगळी बेगमी करणारी आम्ही माणसं. पण नावावर जमा असलेली वीज तार तुटल्यावर घरात येत नाही, हे मी त्यांना समजावलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग ती बॅटरीच आपली. बाकीची दुसऱ्याच्या घरात ठेवलेली."

त्याहून चांगलं मला कोणी समजावलं नाही. मी तिसऱ्याला होकार दिला.

मधे नवऱ्याने एक कल्पना काढली. वरच्या दोन खोल्या शनिवार-रविवार पर्यटकांना द्याव्यात, म्हणजे सोलारचा खर्च निघेल. शेजारच्या दोन घरांत तेच चालतं. मी त्याला सांगितलं की मग आपलं मीटर घरगुती राहणार नाही, धंद्याचा दर लागेल, आणि वर पर्यटकांच्या चादरी धुणार कोण? चादरींच्या मुद्द्यावर तो नेहमीच गप्प होतो.

एप्रिलमध्ये तळेगावचा माणूस घरात काय काय चालतं ते विचारायला आला. त्यावरून बॅटरी किती मोठी हे ठरणार होतं. आम्ही सगळे ओट्यावर बसलो आणि एकेक सांगत गेलो. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, पंखे, पाण्याची मोटर, आत्यांचं मशीन. आत्यांना वाटलं काही राहायला नको, म्हणून त्यांनी देवघरातला झिरोचा बल्बही सांगितला. त्याने तोही मोबाईलमध्ये घेतला. मग जुनी बिलं बघताना तो जरा थांबला.

"पावसाळ्यात तुमचे पंखे बंद असतात ना? मग युनिट वाढतात कसे?"

नवरा म्हणाला, "पावसाळ्यात पाहुणे लय येतात. लोणावळा बघायचा असतो सगळ्यांना."

ते खरंही आहे. त्याने मान हलवली. मीही हलवली. मोटर आणि फ्रिज बॅटरीवर घ्यायचे नाहीत, फक्त मशीन आणि खोल्यांतले दिवे घ्यायचे, असं ठरलं. त्या हिशेबाने त्याने बॅटरी दिली, आणि वर थोडी शिल्लकही धरली.

जूनच्या आरंभी पॅनल गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडवर चढले. मग पाऊस लागला आणि घरात रोजची पावसाळी कामं सुरू झाली. पश्चिमेच्या खिडक्यांना प्लास्टिक, दाराशी गोणपाट, सगळं दरवर्षीचं. लाईट दोनदा गेली, पण दोन्ही वेळा तासाभरात आली. खरी परीक्षा झालीच नाही. म्हणून मीच दिरांना फोन केला: या रविवारी या, आपणच घालवू.

दीर सकाळी लवकर आले. घाटात गर्दी व्हायच्या आधी पोचायचं म्हणून चहासुद्धा न घेता निघाले होते. सोबत रिकामी मोठी बॅग होती. ती त्यांनी दाराआड ठेवली, पण आत्यांनी पाहिलीच.

"आरं, बॅग आणलीस ती कशाला? माझा निकाल आदीच लागलाय व्हय?"

"तसं नाही, आई. असावी म्हणून."

"असू दे, असू दे. रिकामी हाये तवर बरीये."

मी मेन खाली ओढला. फ्रिजचा आवाज थांबला. मशीन क्षणभर गप्प झालं आणि पुन्हा घरघरायला लागलं. बॅटरीवरचा हिरवा दिवा पेटलेला होता. बाहेर पाऊस असा होता की पॅनलकडून फार अपेक्षा नव्हती, पण सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत म्हणजे साधारण एका रात्रीइतकाच वेळ. तेवढं निभावलं की झालं. नळी नाकाला असो नसो, मशीन वीज तेवढीच घेतं, म्हणून आत्यांना काही दिवसभर जखडून ठेवलं नव्हतं. पण त्या मशीनजवळच बसून राहिल्या, तांदूळ निवडत. आजाऱ्याजवळ बसतात तशा.

दीर मोबाईलवर बॅटरी बघत बसले. नवरा त्यांच्याशी क्रिकेटचं बोलायचा प्रयत्न करत होता. दुपारी जेवणं झाली तोवर बॅटरी अर्ध्याच्या खाली गेलेली होती. दीर म्हणाले, "हे जरा जास्तच भरभर चाललंय." मी म्हटलं, "संध्याकाळी कळेल." पण मलाही ते दिसत होतं. मी टीव्ही पाहिला, बंद होता. खोल्यांतले दिवे पाहिले, बंद होते. स्वयंपाकघरातला एकच काय तो लावलेला.

चार वाजता, चहाचं आधण ठेवलेलं असताना, मशीन टुंईऽऽ करून ओरडायला लागलं आणि मग थांबलं. बॅटरी संपली होती. घर एकदम शांत झालं, आणि पत्र्यावरचा पाऊस किती मोठा आहे ते तेव्हा कळलं. मी जाऊन मेन वर केला. मशीन सुरू झालं.

नवरा बॅटरीसमोर उभा राहिला, जणू ती काही सांगणार होती. दीर हळूच म्हणाले, "तुम्ही खूप केलंत. पण पावसाळ्यात सोलार सुट्टीवर जातं, त्याला कोण काय करणार?" त्यात टोमणा कमी आणि सुटका जास्त होती. तेही थकलेले होते. दिवाळीपासून आईच्या काळजीत तेही होतेच.

आत्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, "भर बाई. ठरलं ते ठरलं."

मी बॅग घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मला रडू वगैरे आलं नाही. औषधं, स्वेटर, कानटोपी, मशीनचा कागद, कोणत्या क्रमाने भरायचं तेवढंच डोक्यात होतं. लुगडी काढायला कपाट उघडलं, गठ्ठ्याखाली हात घातला आणि मागे घेतला. आत गरम होतं. मेन वर केल्याला जेमतेम पाच मिनिटं झाली होती, आणि कपाट भाकरीच्या डब्यासारखं उबदार होतं. तळाशी जाळीच्या मागे शंभरचा पिवळा बल्ब जळत होता.

लोणावळ्याच्या आसपास राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मृगाचा पाऊस स्थिरावला की आम्ही कपाटात बल्ब लावतो. नाहीतर आठवड्यात कपड्यांना बुरशी येते, चामड्याच्या चपलेवर हिरवी लव उगवते. तो बल्ब लागला की दसऱ्याला विझतो. रात्रंदिवस. त्याला आम्ही दिवा लावणं म्हणतच नाही. खिडकीला प्लास्टिक लावतो तसा तो एक पावसाळी बंदोबस्त आहे, विजेचं काम नाही. एप्रिलमध्ये ओट्यावर बसून आम्ही देवघरातला झिरो सांगितला, पण कपाटातले बल्ब आमच्यापैकी कोणालाही आठवले नाहीत. एप्रिलमध्ये कपाट म्हणजे कपाट असतं.

मी आमच्या खोलीत गेले. तिथल्या कपाटातही एक. मुलीच्या खोलीत अजून एक. ती शिकायला नागपूरला असते, पण तिचे कपडे आहेत. तीन बल्ब, आणि तिन्ही खोल्यांच्या दिव्यांच्या लाईनवर, म्हणजे बॅटरीवर. तिन्ही मिळून जवळजवळ आत्यांच्या मशीनइतके. दिवसभर आम्ही दोन मशीन चालवत होतो आणि एकाकडेच बघत होतो.

बाहेर येऊन मी सांगितलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. दीर आधी मलाच समजवावं लागणार अशा चेहऱ्याने ऐकत होते. मग उठले आणि आत्यांच्या कपाटात स्वतः हात घालून आले.

"लहानपणी मी यावर मोजे वाळवायचो," ते म्हणाले.

"वाळवायचास कसला," आत्या म्हणाल्या, "जाळलंस एकदा. नवं होतं."

मी म्हटलं, "बल्ब काढले की बॅटरी रात्र काढेल. मी करून दाखवते." मग आत्यांकडे वळले. "पण आत्या, बल्ब काढले तर लुगडी राहायची नाहीत. मामंजींचा कोट आहे, फेटा आहे. सगळं बुरसटेल."

त्या कोटाला मामंजी गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. दर पावसाळ्यात तो बल्बाच्या वर, सगळ्यात कोरड्या जागी असतो. आत्यांनी मशीनकडे बघितलं, मग खोलीतल्या उघड्या बॅगेकडे.

"तुज्या घरात बुरशी येती का रं?" त्यांनी दिरांना विचारलं.

"नाही. चौदाव्या मजल्यावर कुठली?"

"मंग माजी लुगडी ने. त्यास्नी लिफ्टचं भ्या न्हाई. त्यांचा कोट बी ने, गठ्ठ्यात घालू नको, अडकवून ठेव. दसऱ्याला घेऊन ये समदं. मी हितं ऱ्हाते."

"आणि रोजचं काय नेसणार?"

"चार ठेवते की. सुनंच्या हाटेलात वाळतील."

दिरांनी मला विचारलं, "तुला जमेल ना?" आत्यांचे कपडे वाळवण्याविषयी ते विचारत नव्हते. मी म्हटलं, जमेल. खरं तर त्या क्षणी मला फक्त आडवं व्हायचं होतं. पण बॅग आता पुण्याला जाणार होती आणि माणूस घरात राहणार होतं, आणि ते मी बदलू शकत नव्हते. बदलायचंही नव्हतं.

दिरांनी बायकोला फोन लावला. "एक कपाट रिकामं कर. नाही, आई येत नाहीये. आईचे कपडे येतायत." पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं होतं. ते म्हणाले, "घरी आल्यावर सांगतो." मी लुगडी बॅगेत भरली. नवऱ्याने कोट हँगरसकट प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि गाडीत मागच्या सीटच्या वर अडकवला. मागून पाहिलं तर कोणी बसलंय असं वाटत होतं. घाटातली गर्दी वाढायच्या आत निघा, असं मीच दिरांना सांगितलं. जाताना ते म्हणाले, "पुन्हा करून बघ. मला फोन कर." मी हो म्हटलं.

रात्री आत्यांना नळी लावून दिली. त्या म्हणाल्या, "कपाट लय मोकळं झालं." मी म्हटलं, "झोपा आता."

सोमवारी नवऱ्याची दुसरी पाळी होती, म्हणजे तो दुपारपर्यंत घरी. त्यानंतर शेजारच्या काकूंना बसायला सांगितलं. तिन्ही कपाटांतले बल्ब मी आदल्या संध्याकाळीच काढून ठेवले होते. ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. आमच्या कपाटातले बरे कपडे दोन पिशव्यांत भरले, हॉटेलच्या ड्रायरजवळ फळीवर ठेवायला. आत्यांना चहा दिला. बॅटरी रात्रीतून पुन्हा भरली होती; नवऱ्याला तिचा हिरवा दिवा दाखवला आणि लाल झाला तर आधी मेन वर कर, मग मला फोन कर, असं दोनदा सांगितलं.

मग मेन खाली ओढला, छत्री घेतली आणि कामावर गेले.